थ्रेड सुरू झाल्यावर एन्व्हायर्नमेंट बदलू नका: सिस्टीम प्रोग्रामिंगमध्ये नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

सर्व्हर आठवडेच्या आठवडे नीट चालतो आणि एके दिवशी सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो. कोअर फाईल (पडतानाच्या मेमरीची साठवलेली प्रत) उघडली की सगळ्यात वर गेटएन्व्ह, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणारं फंक्शन, दिसतं. त्याखाली तारीख छापणारं किंवा होस्टचा पत्ता शोधणारं एखादं लायब्ररी फंक्शन असतं आणि त्याच्याही खाली तुमचा अगदी साधा कोड. पुन्हा चालवून बघितलं तर काहीच होत नाही. लोड वाढवला तरी होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, मेमरी चिप खराब असेल, आणि विषय तिथेच थांबतो.

चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते. कुठल्यातरी दुसऱ्या थ्रेडने त्याच क्षणी सेटएन्व्ह, म्हणजे व्हेरिएबल लिहिणारं फंक्शन, बोलावलेलं असतं. हा दोष का होतो, तो कसा शोधायचा आणि मुळात होऊच नये म्हणून कोड कसा लिहायचा, ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे. पॉइंटर आणि थ्रेड म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरलं आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्स आणि ग्लिबसी या त्यावरच्या नेहमीच्या सी लायब्ररीची आहेत. फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडात त्यांची नेहमीची स्पेलिंगच येतील.

पायरी १: एन्व्हायर्नमेंट मेमरीत कुठे असतं ते बघा

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ऑपरेटिंग सिस्टीम कुठेतरी सांभाळून ठेवते आणि आपण मागितलं की देते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. युनिक्समध्ये तसं नाही. कर्नलचा संबंध फक्त एक्झेकव्हीई या सिस्टीम कॉलपुरता येतो. नवा प्रोग्राम सुरू होताना कर्नल ‘नाव=किंमत’ अशा स्ट्रिंग नव्या प्रोसेसच्या स्टॅकच्या वरच्या टोकाला ठेवतो, त्यांच्या पॉइंटरांचा एक ॲरे बनवतो, शेवटी नल पॉइंटर ठेवतो आणि मोकळा होतो. त्यानंतर ती सगळी तुमच्याच प्रोसेसची साधी मेमरी असते.

या ॲरेकडे बोट दाखवणारा एन्व्हायरॉन नावाचा एक ग्लोबल पॉइंटर असतो. तो प्रोसेसमधल्या सगळ्या थ्रेडना सामाईक असतो, कोणीही वाचू शकतं आणि कोणीही बदलू शकतं. म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ हे भारदस्त नाव बाजूला ठेवलं तर हाताशी उरतो तो एक ग्लोबल, बदलता येणारा, लॉक नसलेला पॉइंटरांचा ॲरे. असा ॲरे आपल्या स्वतःच्या कोडात दिसला असता तर कोडरिव्ह्यूमध्ये पहिल्याच फेरीत कोणीतरी हरकत घेतली असती.

लिनक्सवर प्रॉक फाईलसिस्टीममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरात एन्व्हायरॉन नावाची फाईल असते. ती वाचली की प्रोसेस सुरू होतानाचं एन्व्हायर्नमेंट दिसतं, नंतर सेटएन्व्हने केलेले बदल त्यात दिसत नाहीत. कारण कर्नल ती सुरुवातीची स्टॅकवरची जागाच वाचून दाखवतो. डीबगिंग करताना हे लक्षात नसेल तर ‘व्हेरिएबल सेट झालंच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पायरी २: वाचणारा आणि बदलणारा एकाच वेळी आले तर काय होतं ते जवळून बघा

गेटएन्व्हचं काम सरळ आहे. एन्व्हायरॉनमधून ॲरेचा पत्ता घ्यायचा, पहिल्या कप्प्यापासून एकेक स्ट्रिंग बघत जायची, नाव जुळलं की बरोबरच्या चिन्हापुढच्या अक्षराचा पत्ता परत द्यायचा. किंमतीची प्रत बनत नाही. तुमच्या हातात त्या मूळ स्ट्रिंगच्या आतलाच पत्ता येतो.

सेटएन्व्हचं काम जास्त गुंतागुंतीचं आहे. नाव आधीपासून असेल तर त्या कप्प्यातला पॉइंटर बदलायचा. नाव नवीन असेल तर ॲरेत एक कप्पा वाढवायला हवा. पण सुरुवातीचा ॲरे स्टॅकवर अगदी मापात बसवलेला असतो, तो वाढवता येत नाही. म्हणून पहिलं नवं व्हेरिएबल आलं की ग्लिबसी हीपवर नवा ॲरे घेते, सगळे पॉइंटर त्यात उतरवते आणि एन्व्हायरॉन तिकडे वळवते. जुना ॲरे स्टॅकवर तसाच राहतो, त्यामुळे त्याच क्षणी तो वाचत असलेला थ्रेड बचावतो. खरी अडचण पुढच्या नव्या व्हेरिएबलला येते. आता ॲरे हीपवर आहे आणि तो रीॲलॉकने, म्हणजे घेतलेली जागा मोठी करून देणाऱ्या फंक्शनने, वाढतो. जागच्या जागी वाढला तर ठीक. तो दुसरीकडे हलला की जुनी जागा फ्री होते.

ग्लिबसीच्या २.४१ च्या आधीच्या आवृत्तीत आता दोन थ्रेड एकमेकांसमोर आणून बघा. थ्रेड ‘अ’ने गेटएन्व्ह बोलावलं आणि ॲरेचा पत्ता रजिस्टरमध्ये घेतला. तेवढ्यात थ्रेड ‘ब’ने सेटएन्व्ह बोलावलं, ॲरे हलला, जुनी जागा फ्री झाली. साधारण सव्वाशे कप्प्यांपर्यंतचा ॲरे असेल तर ती जागा सहसा त्या थ्रेडच्या टीकॅशमध्ये (मोकळ्या तुकड्यांच्या यादीत) जाते आणि मेमरी वाटणारा मॅलॉक तिच्या पहिल्या आठ बाइटमध्ये यादीतल्या पुढच्या मोकळ्या तुकड्याचा दुवा लिहितो. त्यापुढच्या आठ बाइटमध्ये स्वतःची एक खूण लिहितो. म्हणजे ॲरेचे पहिले दोन कप्पे बिघडले, बाकीचे अजून जसेच्या तसे आहेत.

थ्रेड ‘अ’ आता पहिला कप्पा वाचतो. ग्लिबसी २.३२ पासून हा दुवा मुद्दाम गोंधळून लिहिला जातो, त्यामुळे तिथे कोणत्याही वैध स्ट्रिंगचा नसलेला आकडा मिळतो. तो पत्ता समजून वाचायला गेलं की सेगमेंटेशन फॉल्ट. त्याआधीच्या टीकॅश असलेल्या आवृत्तीत, पुढे मोकळा तुकडा नसेल तर त्या जागी सरळ शून्य पडत असे. गेटएन्व्हला वाटे यादी संपली, आणि ते ‘असं व्हेरिएबल नाही’ असं सांगून शांतपणे परतत असे. पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हे वाईट. प्रोग्राम चुकीच्या सेटिंगवर पुढे चालत राहतो आणि कोणाला कळतही नाही.

आणि थ्रेड ‘अ’ त्या क्षणी पहिल्या कप्प्यावर नसून विसाव्या कप्प्यावर असेल तर? जुने पॉइंटर तिथे अजून शाबूत आहेत, उत्तर बरोबर येतं. सगळा खेळ काही नॅनोसेकंदांचा आहे. हा दोष मुद्दाम घडवून आणायला गेलं की सापडत नाही तो याच कारणाने.

अनसेटएन्व्हची तऱ्हा आणखी वेगळी. एक व्हेरिएबल काढलं की त्याच्या पुढचे सगळे पॉइंटर एकेक कप्पा मागे सरकतात. समजा थ्रेड ‘अ’चा दहावा कप्पा बघून झाला आहे आणि तो अकराव्याकडे निघाला आहे. तेवढ्यात थ्रेड ‘ब’ने पाचवं व्हेरिएबल काढलं. जे अकराव्यात होतं ते आता दहाव्यात आलं. ‘अ’ अकरावा वाचतो आणि मधलं एक व्हेरिएबल त्याला दिसतच नाही. ते व्हेरिएबल कोणी काढलं नव्हतं, बदललंही नव्हतं. इथे मेमरी फ्री झालेली नाही, क्रॅश नाही, तरी उत्तर चुकलं.

किंमतीच्या स्ट्रिंगचंही बघून घ्या. सेटएन्व्हने बदललेली जुनी किंमत ग्लिबसी फ्री करत नाही, जाणूनबुजून तशीच सोडते. अल्पाइन लिनक्समध्ये असते ती मसल लायब्ररी मात्र स्वतः घेतलेली जुनी स्ट्रिंग फ्री करते. त्यामुळे गेटएन्व्हने दिलेला पॉइंटर हातात धरून बसलेला थ्रेड ग्लिबसीवर बचावतो आणि मसलवर पडतो. ‘माझ्या मशीनवर चालतं, कंटेनरमध्ये पडतं’ यामागे हेही एक कारण असू शकतं. पुटएन्व्ह तर तुम्ही दिलेली स्ट्रिंगच थेट यादीत टाकतं, तिची प्रत करत नाही. फंक्शनच्या आतला लोकल बफर पुटएन्व्हला दिला तर एकच थ्रेड असतानाही घोळ होतो.

पायरी ३: नियमात काय लिहिलंय ते वाचा

सी११ प्रमाण सांगतं की गेटएन्व्ह चालू असताना दुसऱ्या थ्रेडने यादी बदलली तर होणारी डेटा रेस (एकाच जागेवर एकाच वेळी वाचन आणि लेखन) टाळणं लायब्ररीवर बंधनकारक नाही. सेटएन्व्ह सी प्रमाणात नाहीच, ते पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या प्रमाणातून येतं, आणि ते थ्रेडसेफ असलंच पाहिजे असं पॉझिक्सही म्हणत नाही. सी++११ चं म्हणणंही तसंच: कोणीच बदलत नसेल तर कितीही थ्रेडनी एकाच वेळी गेटएन्व्ह बोलवावं.

लिनक्सच्या मॅन पानावर गेटएन्व्हसमोर ‘एमटी-सेफ एन्व्ह’ असा शेरा असतो (एमटी म्हणजे मल्टीथ्रेड). नवखा माणूस पहिला शब्द वाचतो आणि निश्चिंत होतो. शेवटचा ‘एन्व्ह’ ही अट आहे: एन्व्हायर्नमेंट कोणी बदलत नसेल तरच सुरक्षित. सेटएन्व्हसमोर सरळ ‘एमटी-अनसेफ’ लिहिलेलं आहे. हे शेरे वाचायची सवय लावून घ्या, इतर शेकडो फंक्शनांनाही ते लागू पडतात.

ग्लिबसी २.४१ ही आवृत्ती २०२५ च्या जानेवारीत आली आणि तिने यात मोठी सुधारणा केली. सेटएन्व्ह, अनसेटएन्व्ह वगैरे नेहमीची फंक्शनं वापरून बदल होत असतील आणि प्रोग्राम स्वतः एन्व्हायरॉनच्या ॲरेत हात घालत नसेल, तर गेटएन्व्ह आता त्यांच्यासोबत चालू शकतं. सुधारणा स्वागतार्ह आहे, पण तिच्या भरवशावर कोड लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा प्रोग्राम जुन्या वितरणांवरही चालेल, मसलवरही चालेल. शिवाय क्रॅश टळला तरी दोन थ्रेडनी एकाच व्हेरिएबलच्या दोन किंमती लिहिल्या तर तिसऱ्याला कोणती मिळेल हा प्रश्न तसाच उरतो.

विंडोजवर चित्र वेगळं आहे. तिथलं सिस्टीमचं वाचायचं फंक्शन किंमत तुम्ही दिलेल्या बफरमध्ये उतरवून देतं, आतला पॉइंटर हातात देत नाही. मात्र मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइममधलं गेटएन्व्ह स्वतःची वेगळी प्रत बाळगतं आणि पॉइंटर परत देतं, त्यामुळे तिथे पुन्हा तीच काळजी घ्यावी लागते.

पायरी ४: लपलेले वाचक ओळखा

‘आमच्या कोडात गेटएन्व्ह फक्त दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे म्युटेक्स (लॉक) लावलाय’ असं उत्तर हमखास ऐकू येतं. ते पुरेसं नाही. एन्व्हायर्नमेंट वाचणारे बहुतेक जण तुमच्या कोडात नसतातच.

लोकलटाइम, एमकेटाइम आणि एसटीआरएफटाइम ही तिन्ही फंक्शनं टीझेडसेटचं काम करून घेतात, आणि टीझेडसेट ‘टीझेड’ हे व्हेरिएबल वाचतं. लॉगच्या प्रत्येक ओळीवर वेळ छापणारा प्रोग्राम सेकंदाला शेकडो वेळा एन्व्हायर्नमेंट वाचत असू शकतो. सेटलोकेल ‘एलसी_ऑल’ आणि ‘लँग’ बघतं. गेटॲड्रइन्फो पत्ता शोधताना रिझॉल्व्हरच्या सेटिंगसाठी ‘आरईएस_ऑप्शन्स’ आणि ‘लोकलडोमेन’ वाचतं. एक्झेकव्हीपी प्रोग्राम शोधायला ‘पाथ’ बघतं. एसटीआरएरर एररचा संदेश भाषांतरित करायला गेटटेक्स्टकडे जातं आणि तिथे ‘लँग्वेज’ वाचलं जातं. बाहेरच्या लायब्ररींची यादी याहून लांब: कर्ल प्रॉक्सीची व्हेरिएबल बघतं, ओपनएसएसएल सर्टिफिकेटच्या जागा बघतं.

यांच्यातलं कोणीही तुमचा म्युटेक्स ओळखत नाही. म्हणून आपल्या सेटएन्व्हभोवती लॉक लावून प्रश्न सुटत नाही. जो वाचक लॉक घेतच नाही त्याच्यापासून लॉक तुम्हाला वाचवू शकत नाही.

रस्टने हा धडा बराच काळ अनुभवला. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत एन्व्हायर्नमेंटसाठी आतून लॉक आहे, त्यामुळे निव्वळ रस्टमधले वाचक आणि लेखक एकमेकांना सांभाळतात. पण सी लायब्ररीतलं गेटॲड्रइन्फो किंवा वेळेची फंक्शनं ते लॉक घेत नाहीत. टाइम आणि क्रोनो या दोन लोकप्रिय क्रेटविरुद्ध (रस्टच्या लायब्ररींविरुद्ध) याच कारणाने सुरक्षा सूचना निघाल्या. अखेर भाषेच्या २०२४ एडिशनमध्ये एन्व्हायर्नमेंट बदलणारी फंक्शनं अनसेफ ठरवली गेली. ही एडिशन रस्ट १.८५ सोबत २०२५ च्या फेब्रुवारीत स्थिर झाली. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. जबाबदारी कोणाची हे त्यामुळे कोडातच दिसतं.

पायथनमध्ये ओएस मोड्यूलच्या एन्व्हायरॉनमध्ये किंमत टाकली की आतून सी लायब्ररीचं फंक्शन बोलावलं जातं. जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं लॉक) असला तरी गेटॲड्रइन्फोसारख्या लांबणाऱ्या कॉलच्या वेळी तो सोडलेला असतो, त्यामुळे भेग राहतेच. गो स्वतःची प्रत लॉकसकट ठेवते, पण सीगो (गोमधून सी कोड बोलावण्याची सोय) वापरलं असेल तर सीच्या बाजूलाही सेटएन्व्ह करते. जावाने प्रश्नच ठेवला नाही, तिथे एन्व्हायर्नमेंट फक्त वाचता येतं.

पायरी ५: सगळं सुरुवातीलाच वाचा आणि प्रत करून ठेवा

उपायाचा मोठा भाग या पायरीत आहे. मेन सुरू झालं की एकही थ्रेड बनवण्याआधी लागणारी सगळी व्हेरिएबल वाचा, एसटीआरडप किंवा तत्सम फंक्शनने त्यांची प्रत करा, आकडे असतील तर तिथल्या तिथे आकड्यात बदलून तपासा आणि एका कॉन्फिग स्ट्रक्टमध्ये ठेवा. पुढे सगळ्या थ्रेडना त्या स्ट्रक्टचा कॉन्स्ट पॉइंटर द्या. गेटएन्व्हचा कच्चा पॉइंटर स्ट्रक्टमध्ये ठेवू नका, पायरी २ मध्ये मसलचं काय होतं ते बघितलंच.

याचा एक आनुषंगिक फायदा होतो. चुकीची किंमत प्रोग्राम सुरू होतानाच लक्षात येते. नाहीतर टाइमआउटच्या जागी कोणीतरी लिहिलेलं ‘पन्नास’ हे अक्षरी मूल्य मध्यरात्री पहिल्यांदा वाचलं जातं.

एखादं व्हेरिएबल बदलणं भागच असेल, उदाहरणार्थ एखादी लायब्ररी फक्त एन्व्हायर्नमेंटमधूनच सेटिंग घेते, तर तेही याच टप्प्यात करा. जीलिब या सी लायब्ररीच्या दस्तऐवजातही असंच बजावलं आहे: जीसेटएन्व्ह मेनच्या अगदी सुरुवातीला, थ्रेड बनायच्या आधीच वापरावं.

मात्र ‘मेनची पहिली ओळ’ ही नेहमीच थ्रेडच्या आधीची वेळ असते असं नाही. सी++ मध्ये ग्लोबल ऑब्जेक्टांचे कन्स्ट्रक्टर मेनच्या आधी धावतात आणि सोबत लोड झालेली एखादी लायब्ररी तिथेच थ्रेड सुरू करू शकते. तपासणी सोपी आहे. लिनक्सवर प्रॉकमधल्या सेल्फच्या आत टास्क नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक थ्रेडमागे एक नोंद असते. सेटएन्व्ह करण्याआधी त्या नोंदी मोजा. एकापेक्षा जास्त निघाल्या तर तिथेच ठळक संदेश देऊन थांबा. दहाबारा ओळींचा कोड आहे, पण पुढे कोणी नवी लायब्ररी जोडली आणि गृहीतक मोडलं तर तो लगेच सांगतो.

पायरी ६: चाइल्ड प्रोसेसला हवं ते तिलाच द्या

थ्रेड चालू असताना सेटएन्व्ह करणाऱ्या कोडाचं कारण विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं: ‘पुढे एक कमांड चालवायची आहे, तिला हे व्हेरिएबल हवंय.’ म्हणजे पॅरेंटचं एन्व्हायर्नमेंट बदलायची गरज मुळात नव्हती.

एक्झेकव्हीई आणि पॉझिक्स_स्पॉन ही दोन्ही एन्व्हपी नावाचा शेवटचा आर्ग्युमेंट घेतात. तो ॲरे तुम्ही स्वतः बनवायचा. सुरुवातीला केलेली एन्व्हायर्नमेंटची प्रत घ्या, त्यात हवी ती स्ट्रिंग घाला किंवा बदला, शेवटी नल ठेवा आणि पाठवून द्या. हा ॲरे फक्त तुमच्या थ्रेडचा असतो, कोणाशी भांडण नाही. दोन थ्रेडनी एकाच वेळी दोन कमांड वेगवेगळ्या ‘पाथ’सह चालवल्या तरी चालतं, जे सेटएन्व्हने कधीच नीट जमलं नसतं. जीलिबमध्ये असा ॲरे सांभाळायला तयार फंक्शनं आहेत. रस्ट, गो, पायथन या सगळ्यांच्या चाइल्ड प्रोसेस सुरू करण्याच्या सोयीत वेगळं एन्व्हायर्नमेंट देता येतं.

फोर्क केल्यावर चाइल्डमध्ये एकच थ्रेड उरतो, मग तिथे सेटएन्व्ह करायला काय हरकत, असा प्रश्न इथे पडतो. हरकत आहे. फोर्कच्या क्षणी पॅरेंटमधला दुसरा एखादा थ्रेड सेटएन्व्हच्या आत, फक्त बदलणारे घेतात ते लॉक धरून बसला असेल, तर चाइल्डमध्ये ते लॉक धरलेलंच राहतं आणि ते सोडणारा थ्रेड तिथे नसतो. म्हणून अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसमध्ये फोर्क आणि एक्झेकच्या मध्ये फक्त सिग्नल हँडलरमध्ये चालतील अशीच फंक्शनं बोलवायची असा पॉझिक्सचा नियम आहे, आणि सेटएन्व्ह त्यात येत नाही. ॲरे फोर्कच्या आधीच बनवून ठेवा. शक्य असेल तिथे पॉझिक्स_स्पॉनच वापरा.

पायरी ७: टाइमझोन आणि लोकेलसाठी दुसरी वाट घ्या

प्रत्येक युजरची वेळ त्याच्या टाइमझोनमध्ये दाखवायची म्हणून ‘टीझेड’ बदलायचं, टीझेडसेट करायचं, लोकलटाइम घ्यायचं आणि ‘टीझेड’ पूर्ववत करायचं, ही युक्ती जुन्या कोडात भरपूर सापडते. एका थ्रेडच्या जगात ती चालून गेली. आज मात्र ती क्रॅश न होताही चुकते: मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने वेळ छापली तर ती भलत्याच टाइमझोनची निघते, आणि लॉगमधल्या एखाद्याच ओळीची वेळ काही तास पुढेमागे का, हे शोधण्यात दिवस जातो.

सी++२० मध्ये क्रोनोमधून टाइमझोन हा एक सरळ ऑब्जेक्ट म्हणून मिळतो. सीमध्ये टाइमझोनचा डेटाबेस स्वतः वाचणारी लायब्ररी जोडा. नेटबीएसडीने यासाठी टाइमझोन आर्ग्युमेंट म्हणून घेणारं लोकलटाइम दिलं आहे. आणि हे काहीच जमत नसेल तर प्रोग्रामच्या आत सगळीकडे यूटीसी ठेवा, रूपांतर अगदी कडेला, एकाच ठिकाणी करा. लोकेलचं सोपं आहे: न्यूलोकेलने ऑब्जेक्ट बनवा आणि यूजलोकेलने तो फक्त त्या थ्रेडला लावा.

पायरी ८: जुन्या कोडातले गुन्हेगार शोधा

आधी स्वतःच्या सोर्समध्ये सेटएन्व्ह, पुटएन्व्ह, अनसेटएन्व्ह, क्लिअरएन्व्ह आणि एन्व्हायरॉन हे पाचही शब्द शोधा. मग बाहेरच्या लायब्ररींकडे वळा. एनएम या हत्याराला डायनॅमिक सिंबॉलचा पर्याय देऊन प्रत्येक शेअर्ड लायब्ररीवर चालवलं, की ती कोणती फंक्शनं बाहेरून मागते ते दिसतं. त्यात सेटएन्व्ह आलं तर ती लायब्ररी संशयितांच्या यादीत टाका. सिंबॉल दिसणं म्हणजे ते थ्रेड चालू असताना बोलावलं जातंच असं नाही.

ते प्रत्यक्ष कधी बोलावलं जातं हे बघायला एलडी_प्रीलोडची (आपली लायब्ररी इतरांच्या आधी लोड करायला लावणाऱ्या व्हेरिएबलची) युक्ती उत्तम. एक छोटी लायब्ररी लिहा, तिच्यात सेटएन्व्ह, पुटएन्व्ह आणि अनसेटएन्व्ह याच नावांची फंक्शनं ठेवा. प्रत्येकात आधी टास्क फोल्डरातल्या नोंदी मोजायच्या, एकापेक्षा जास्त असतील तर बॅकट्रेस स्टँडर्ड एररवर छापायचा, मग डीएलसिमने खऱ्या फंक्शनचा पत्ता काढून त्याला काम सोपवायचं. चाचणीच्या सर्व्हरवर ही लायब्ररी लावून नेहमीचा लोड द्या. हिचं मोठं बळ असं की रेस प्रत्यक्ष घडायची वाट बघावी लागत नाही. घडू शकते अशी जागा मिळाली की पुरे. स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रामवर ती चालत नाही, तिथे जीडीबी या डीबगरमध्ये सेटएन्व्हवर ब्रेकपॉइंट लावून बघावं लागतं.

थ्रेडसॅनिटायझर (डेटा रेस पकडणारं कंपायलरचं साधन) स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो फक्त त्याच्या पर्यायासह कंपाईल केलेल्या कोडातली वाचनं आणि लेखनं नोंदवतो, सी लायब्ररी सहसा त्यातून कंपाईल केलेली नसते. इथे त्याच्या शांततेला पुरावा मानता येत नाही.

कोअर फाईल हातात असेल तर फक्त पडलेला थ्रेड बघून थांबू नका, सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस काढा. नशीब असेल तर दुसरा एक थ्रेड त्याच वेळी सेटएन्व्हच्या आत सापडतो. बहुतेक वेळा तो काम उरकून पुढे गेलेला असतो. अशा वेळी पडलेल्या पत्त्याकडे बघा, आणि एन्व्हायरॉन स्टॅकवरच्या मूळ ॲरेकडे बोट दाखवतोय की हीपकडे तेही बघा. हीपकडे असेल तर कोणीतरी सुरू झाल्यानंतर व्हेरिएबल वाढवलं आहे एवढं नक्की.

पायरी ९: टेस्टमध्येही तोच नियम

टेस्ट लिहिताना मात्र सेटएन्व्ह सर्रास होतं. ‘हे व्हेरिएबल असेल तर असं वागतं का’ हे तपासायचं म्हणून टेस्ट ते सेट करते आणि शेवटी काढते. रस्टच्या टेस्ट मुळातच एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेडवर चालतात, त्यामुळे कधीतरीच फेल होणाऱ्या टेस्टचा उगम इथे असू शकतो. टेस्टचे थ्रेड एकावर आणता येतात, किंवा प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारा नेक्स्टटेस्ट वापरता येतो. गोच्या टेस्टिंग पॅकेजमध्ये सेटएन्व्हसाठी खास मेथड आहे. ती किंमत आपोआप पूर्ववत करते आणि टेस्ट पॅरलल असेल तर सरळ पॅनिक करते.

याहून बरा मार्ग पायरी ५ मधूनच निघतो. कॉन्फिग स्ट्रक्ट बनवणाऱ्या फंक्शनने गेटएन्व्ह थेट बोलावू नये. ‘नाव दे, किंमत मिळेल’ असं एक फंक्शन पॉइंटर त्याने आर्ग्युमेंट म्हणून घ्यावं. खऱ्या प्रोग्राममध्ये तिथे गेटएन्व्ह द्या, टेस्टमध्ये एका छोट्या टेबलातून उत्तर देणारं स्वतःचं फंक्शन द्या. मग टेस्टला एन्व्हायर्नमेंट बदलावंच लागत नाही आणि कितीही टेस्ट एकत्र चालवता येतात. पायरी ८ मधली प्रीलोड लायब्ररीही बॅकट्रेस छापून झाल्यावर प्रोग्राम थांबवणारी करा आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) टेस्टसोबत कायमची लावून ठेवा. उद्या कोणी थ्रेड चालू असताना सेटएन्व्ह केलं तर बिल्ड तिथेच लाल होईल आणि कोणत्या ओळीने केलं तेही सोबत छापलेलं असेल.